मच्छरदाणीत शिवलेलं जॅकेट

प्रिय आर्या आणि नील,

गेल्या रविवारी व्हिडिओवर तुम्ही विचारलंत, आजी, आमची ती निळी पिसांची रजई कुठे आहे? मी विषय बदलला. तुमच्या आईच्या ते लक्षात आलं, तेव्हा आता लिहूनच टाकते. रजई मी देऊन टाकली. ज्यांना दिली ते आमच्या खालच्या मजल्यावरचे वानखेडे. त्यांची ओळख झाल्याशिवाय तुम्ही मला माफ करणार नाही.

वानखेडे पोळीची जाडी कॅलिपरने मोजतात. हडपसरच्या एका कारखान्यात त्यांनी सबंध नोकरी माल तपासण्यात काढली. निवृत्तीनंतर कारखाना सुटला, तपासणी सुटली नाही. माझी पोळी पहिल्यांदा मोजली तेव्हा म्हणाले, "कडेला दोन मिलिमीटर, मधे सव्वा. रिजेक्ट नाही जी वहिनी, रिवर्क." मूळचे अमरावतीचे, त्यामुळे अपमानसुद्धा 'जी' लावून करतात. आम्ही नारायण पेठेत तो 'जी' वगळून करतो.

त्यांच्या लेखी जगात तीनच गोष्टी आहेत: पास, रिवर्क (म्हणजे सुधारून पुन्हा आणा) आणि रिजेक्ट. रिक्षा, वांगी, डॉक्टर, कुणीही यातून सुटत नाही. हाच शिक्का त्यांनी मुलीवर मारला आणि घोटाळा झाला. पल्लवी हिंजवडीतली नोकरी सोडून नॉर्वेला निघाली, तेव्हा हे म्हणाले, हा निर्णय रिजेक्ट. ती गेलीच. त्यानंतर दोन वर्षं तिचा फोन यायचा तो फक्त आईला, शोभाताईंना. वानखेडे शेजारच्या खोलीत पेपर घेऊन बसायचे. फोन संपेपर्यंत पान उलटायचे नाहीत.

गेल्या ऑक्टोबरात शोभाताई म्हणाल्या की पल्लवीला तिकडची थंडी सोसत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी वानखेडे माझ्या दारात. तुमची ती परदेशी रजई पडूनच आहे ना, म्हणाले. तिचं जॅकेट शिवतो. मी म्हटलं, अहो, तिकडे दुकानात जॅकेटं मिळतात.

"मिळतात. तपासलेली नसतात."

पिसं उडणार, ही अडचण त्यांनी आधीच ओळखली होती. पलंगावर मच्छरदाणी लावली, चारी कडा गादीखाली खोचल्या आणि रजई, कात्री आणि छोटा वजनकाटा घेऊन स्वतः आत जाऊन बसले. डोक्याला टॉवेल, डोळ्यांवर पल्लवीचा पोहण्याचा चष्मा. जॅकेटच्या प्रत्येक कप्प्यात नेमकी बारा ग्रॅम पिसं भरायची. कप्पा भरला की तो टाचून, कडेच्या फटीतून शोभाताईंकडे द्यायचा. त्या तो मशीनवर बंद करायच्या.

मी गेले त्या दिवशी सगळं सुरळीत चाललं होतं. फक्त मच्छरदाणीचा एक कोपरा वाकडा खोचलेला होता. तुम्हांला ठाऊक आहे, मला वाकडं बघवत नाही. नीट खोचावा म्हणून मी तो जरासा उचलला. डोक्यावर पंखा फिरत होता.

पुढचं थोडक्यात सांगते. पिसं बैठकीत गेली, जिन्यात गेली, गॅसवरच्या आमटीत गेली. वानखेड्यांना मला काहीतरी बोलायचं होतं, पण शिंका थांबेनात. वरच्या मजल्यावरचे प्राध्यापक खाली आले, शर्टावरचं एक पीस चिमटीत धरलं आणि म्हणाले, "कुक्कुटपालन सुरू केलंत, आनंद आहे. जिना वगळावा." शोभाताई हसून हसून जमिनीवरच बसल्या. मी शिस्तीची बाई, पण मलाही भिंत धरावी लागली. शिंका थांबल्यावर चष्म्याआडून निकाल आला: वहिनी, तुम्ही रिवर्क.

शिक्षा म्हणून मला पुतळा व्हावं लागलं, कारण पल्लवीची उंची माझ्याएवढी. ऑक्टोबरची भर दुपार, अंगात पिसांचं जॅकेट, आणि हे कॅलिपरने बाही मोजताहेत. घामाच्या धारा लागल्या म्हटलं तर खूश होऊन म्हणाले, म्हणजे काम करतंय. सुईच्या भोकांतून पिसं डोकावत होती, म्हणून प्रत्येक शिवणीवर मेणबत्ती घासली. मग चाचणी. ओळखीच्या एका भाजी व्यापाऱ्याच्या शीतगृहात मटारच्या पोत्यांमध्ये ते अर्धा तास बसून आले. जॅकेट त्यांच्या पोटावर मिटेना, म्हणून उलटं घातलेलं, चेन पाठीकडे. अहवाल असा: पाठ गोठली, पुढून पास.

पार्सलचा फॉर्म इंग्रजीत होता, म्हणून मला बरोबर नेलं. मी सुवाच्य अक्षरात भरत गेले. पाठवणाऱ्याच्या नावाशी आले, तेव्हा ते हळूच म्हणाले, "तिथं शोभाचं लिहा."

का, मी विचारलं. पार्सल त्यांनी अजून दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं.

"माझं नाव पाहून तिनं उघडलंच नाही तर? तशीच कुडकुडत राहील जी ती."

हा माणूस कुणाच्या निकालाला भीत असेल, असं मला कधी वाटलं नव्हतं. मी मान डोलावली आणि ज्यानं शिवलं त्याचं नाव लिहिलं: भास्कर वानखेडे. पावती माझ्या पर्समध्ये टाकली.

तीनेक आठवड्यांनी मी खाली चहाला गेले होते. फोन वाजला, तो शोभाताईंचा नव्हे, वानखेड्यांचा. त्यांनी नाव पाहिलं, बायकोकडे पाहिलं. ते उचलेनात, तेव्हा शोभाताईंनीच बटण दाबून फोन समोर धरला.

"बाबा, वर तुमचं नाव होतं," पल्लवी म्हणाली. "घरी यायचीही वाट पाहिली नाही. पोस्टातून घेतलं आणि बसमध्येच उघडलं. घातलंय."

वानखेड्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी टेबलावरचे पेपर सारखे करू लागले. मग ते फोनजवळ वाकून म्हणाले, "जेवलीस का?"

तर मुलांनो, रजई संपली. हातभर निळं कापड उरलं आहे, ते माझ्या कपाटात घडी घालून ठेवलं आहे. जॅकेट पल्लवीकडे आहे, आणि ती ते रोज घालते.

तुमची,
आजी