परत करायचा एक तास

रोडेलियो ऊर्फ डेलियो मकाराएग या गृहस्थाने आयुष्यात एकही नियम मोडला नव्हता. मोडण्याची धमकच नव्हती, असं त्याची बायको लुमी म्हणत असे. फिलिपिन्समध्ये, बातांगासच्या नगरपालिकेत त्याने सोळा वर्षं लोकांचे अर्ज तपासले होते. निळ्याऐवजी काळ्या शाईत सही केली म्हणून त्याने धडधाकट माणसं परत पाठवली होती. (त्यात एकदा त्याचे सासरेही होते. तो विषय घरात कुणी काढत नाही.) असा हा माणूस अडतिसाव्या वर्षी नोकरी सोडून बायकोसह कॅनडातल्या विनिपेगला शिकायला आला आणि पहिल्याच दिवशी एका नियमाच्या प्रेमात पडला.

नियम असा : परदेशी विद्यार्थ्याने कॉलेज चालू असताना बाहेर काम करायचं ते आठवड्याला फार तर चोवीस तास. डेलियोने लगेच तक्ता आखून फ्रिजवर चिकटवला. चोवीस म्हणजे चोवीस. ज्या बेकरीत तो काम करायचा तिची मालकीण सिग्रून एकदा म्हणाली, "जाता जाता तेवढा पावाचा ट्रे बाहेर काढ." डेलियो म्हणाला, "मॅडम, माझे तास संपले." पाव जळाले. नियम मात्र शाबूत राहिला.

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात कॉलेजला वर्ग नव्हते. 'अभ्यासाचा आठवडा' असं वेळापत्रकात छापलेलं होतं, म्हणून डेलियो रोज लायब्ररीत जाऊन अभ्यास करत होता. सगळ्या इमारतीत तो आणि एक लायब्ररियन, एवढेच. गुरुवारी सिग्रूनने जादा पाळीसाठी विचारलं, त्याने नियम सांगून नकार दिला. शनिवारी तिचा पुन्हा फोन आला. रात्रपाळीच्या माणसाची पाठ धरली होती.

"रात्री दहा ते सकाळी सहा. येशील का रे बाबा?"

डेलियोने फ्रिजकडे पाहिलं. सोळा झाले होते. सोळा आणि आठ चोवीस. इतका सुबक हिशोब पाहून त्याला भरूनच आलं. "येतो, मॅडम," तो म्हणाला.

रविवारी सकाळी फोनवर सहा वाजताच त्याने एप्रन काढला आणि पंधरा मिनिटांत तो घरी पोचला. लुमी कमरेवर हात ठेवून उभी होती.

"होतास कुठे? सव्वासात झाले!"

"सव्वासहा."

"भिंतीकडे बघ."

"तू माझ्या फोनकडे बघ. भिंतीवरचं बिघडलं असेल."

"आणि भात? तुझ्यासाठी बरोबर सहाला लसणाची फोडणी देऊन परतलाय. दगड झालाय त्याचा. भातपण बिघडला का?"

भाताचा पुरावा बिनतोड होता. शेवटी डेलियोने सिग्रूनला फोन लावला.

"अरे, काल रात्री घड्याळं मागे गेली नाहीत का!" सिग्रून म्हणाली. "दोन वाजले की पुन्हा एक वाजतो. फोन आपला आपण बदलतो, भिंतीवरचं हाताने बदलायचं."

"पुन्हा एक कसा वाजेल, मॅडम? एक वाजून गेला होता. मी स्वतः पाहिला."

"दरसाल वाजतो. मार्चमध्ये सगळ्यांचा एक तास काढून घेतात, नोव्हेंबरमध्ये परत देतात."

डेलियो विचारात पडला. "पण मार्चमध्ये आम्ही इथे नव्हतोच. आम्ही ऑगस्टमध्ये आलो. मग आम्हाला हा कुणाचा तास परत मिळाला?"

सिग्रून चाळीस वर्षं पाव विकत होती, पण हे तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं. "ते मला ठाऊक नाही," ती म्हणाली. "तू काम नऊ तास केलंस, मी वहीत नऊ लिहिलेत."

"आठ लिहा ना."

"माझ्या वहीत मी खोटं लिहू?"

नऊ आणि सोळा पंचवीस. डेलियोने बेरीज पुन्हा केली, तरी पंचवीसच.

त्याला स्वतःची तितकी काळजी नव्हती. नऊ वर्षांची आमिहान अजून बातांगासला आजीकडे होती. तिला इकडे आणण्याचे कागद नुकतेच दिले होते, आणि बापाच्याच परवान्यावर बालंट आलं तर लेकीचे कागद कोण पुढे सरकवणार? त्यांच्या तळघरातल्या दोन खोल्यांत तिच्यासाठी छोटी खाट येऊन पडली होती. लुमी रोज तिची चादर नीट करायची.

"कुणाला कळणार आहे?" लुमी म्हणाली.

"लुमी, तिथे माझ्यासारखा कुणी बसला असला तर?"

यावर लुमीने त्याचा लग्नातला सूट शोधायला घेतला. तिला नवरा माहीत होता.

सोमवारी सकाळी डेलियोने लग्नातला सूट चढवला, फ्रिजवरचा तक्ता काढला, भिंतीवरचं घड्याळ वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि कॉलेजचं परदेशी विद्यार्थ्यांचं ऑफिस गाठलं. (तेच न बदललेलं घड्याळ पाहून निघाल्यामुळे तो तासभर आधी पोचला आणि बाहेर थंडीत कुडकुडत उभा राहिला.) आत जोसलिन नावाच्या बाई होत्या. त्यांनी त्याची कबुली अखेरपर्यंत ऐकून घेतली.

"आणि हे घड्याळ कशाला?"

"पुरावा, मॅडम. याच्यात तो तास अजून आहे."

जोसलिनबाईंनी वाकून घड्याळ पाहिलं. त्यांनाही आता उत्सुकता वाटू लागली होती. "हे घडलं कोणत्या आठवड्यात?"

"मागच्याच. अभ्यासाच्या आठवड्यात."

"म्हणजे वर्ग नव्हते तेव्हा."

"नव्हते, पण मी एकही दिवस चुकवला नाही." डेलियोने आतल्या खिशातून एक कागद काढला. त्यावर लायब्ररियनच्या पाच सह्या होत्या, सोमवार ते शुक्रवार.

जोसलिनबाईंनी त्या पाचही सह्या मोजल्या. "मिस्टर मकाराएग, ती सुट्टी होती. कॉलेजच्या ठरलेल्या सुट्टीत चोवीस तासांची अट नसते. तुम्ही चाळीस तास काम केलं असतंत तरी चाललं असतं."

"मग सुट्टीला अभ्यासाचा आठवडा का म्हणतात?"

"लोक करतील अशी आम्हाला आशा असते," जोसलिनबाई म्हणाल्या. "केलेला पहिला माणूस आज पाहिला."

डेलियोचे डोळे भरून आले. लुमीला सांगायला तो धावत बाहेर गेला. तेवढ्यात जोसलिनबाईंनी घड्याळ हातात घेऊन मागे काहीतरी खुडबुड केली आणि ते पुन्हा नीट गुंडाळून ठेवलं. बाई मनाच्या चांगल्या होत्या. फोनवर लुमी आधी हमसून रडली, मग तिने नाक पुसलं.

"म्हणजे गुरुवारी मॅडमना नाही म्हणालास ते उगाचच?"

"ऐकू येत नाहीये," डेलियो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

घरी येताच त्याने घड्याळ कागदातून सोडवलं, काटे एक तास मागे फिरवले आणि मोठ्या मानाने ते भिंतीला लावलं. "आजपासून घरात हेच घड्याळ," त्याने जाहीर केलं. "फोनचा भरवसा नाही. तो रात्रीत, न विचारता बदलतो. हे बिचारं आपण हात लावल्याशिवाय हलत नाही." लुमीला हे पटलं. बऱ्याच दिवसांनी नवरा काहीतरी शहाणपणाचं बोलला होता.

मंगळवारी त्याची दुपारी दोनची पाळी होती. भिंतीवर बरोबर पावणेदोन झाल्यावर तो घरातून निघाला आणि शीळ घालत बेकरीत शिरला. सिग्रून पिठाने माखलेल्या हातांनी समोर उभी होती.

"तीन वाजले!"

"दोन, मॅडम."

सिग्रूनने रस्त्यापलीकडच्या चर्चकडे बोट दाखवलं. तिथल्या घड्याळात तीन वाजले होते. डेलियोने घाबरत खिशातला फोन काढून पाहिला, तोही चर्चच्याच बाजूने बोलत होता. लुमीला फोन झाला, लुमीने जोसलिनबाईंना केला आणि एकंदर घोटाळा पाच मिनिटांत उलगडला : काटे आधी बाईंनी मागे फिरवले होते, मग पुन्हा डेलियोने. ते ऐकता ऐकता सिग्रूनला हसू आवरेना. तिने वही उघडली, आजच्या तारखेपुढचा आठ खोडला आणि तिथे सात लिहिला.

"घे. फिटला तुझा तास. आता तरी झोप लागेल ना?"

डेलियोचा चेहरा उजळला. वहीत वाकून त्याने तो सात पुन्हा पुन्हा पाहिला. आमिहान येईल, खाटेवर झोपेल, सगळं ठीक होईल. मग त्याचं लक्ष शेजारच्या खोडलेल्या आठाकडे गेलं.

"मॅडम, एक सांगू? खाडाखोड केली की शेजारी सही लागते."

सिग्रूनने त्याच्याकडे पाहिलं, पेन उचललं आणि फर्रकन सही ठोकली. काळ्या शाईत.

डेलियोने तोंड उघडलं. मग त्याला सासरे आठवले आणि त्याने ते निमूटपणे मिटलं.