शून्य फटीचा अहवाल

जगातील प्रत्येक वस्तू तापते. परंतु आपण नेमके किती तापलो आहोत हे तिला स्वतःला सांगता येत नाही. या अडचणीवर उपाय म्हणून आमच्या कारखान्यात संगणक आहे आणि संगणकासमोर मी आहे. मी मूळची टायपिस्ट. उष्णतेचे गणित फुकटच्या व्हिडिओंवरून, भाजी निवडता निवडता शिकले. (एकूण व्हिडिओ त्रेसष्ट, पैकी समजलेले एकोणीस, पैकी कामाचे चार.) तरी मला सगळे 'तापमानबाई' म्हणतात, आणि मी ओ देते.

आम्ही दम लागणाऱ्यांना औषधाची वाफ देणाऱ्या यंत्राची डबी बनवतो. वरचे झाकण पारदर्शक, खालची वाटी काळी. लेझरचा किरण झाकणाला न दुखवता आरपार जातो, वाटी तापून वितळते, तिच्या उबेने झाकणही मऊ पडते आणि दोघे जन्माचे चिकटतात. (पुष्कळ संसार असेच जुळतात; फक्त लेझर नसतो.) मात्र त्या क्षणी दोघांत केसाइतकीही फट चालत नाही. राहिली, तर वाटी एकटीच जळते आणि डबी पुढे गळते.

माझ्या मॉडेलमध्ये, म्हणजे संगणकातल्या आकड्यांच्या डबीत, आधी फट होती. संगणक सहा तास घुरघुरत बसे आणि उत्तर देत नसे. मी फट शून्य केली. तो चार मिनिटांत शांत झाला. घरीही मी बरेच विषय याच शास्त्रीय पद्धतीने मिटवले आहेत.

उत्तर देखणे आले. लाल, पिवळे, निळे. गळक्या डब्या: एकही नाही. प्रत्यक्षात मोजल्या, तर हजारात दोन. इतके जुळलेले पाहून साहेबांना भरून आले.

हजारात दोनच का, हे शोधणे माझ्या अखत्यारीत नव्हते. मशीनवर आक्का होत्या, बावीस वर्षे. प्रत्येक झाकण अंगठ्याने चाचपायचे, बसले नसेल तर जरा फिरवायचे, पकड अर्धा आटा जास्त आवळायची आणि मगच बटण दाबायचे. डबीमागे नऊ सेकंद. ही नऊ सेकंदे कुठल्याही नियमात नव्हती, म्हणून साहेबांनी ती वाचवली. फट शून्य असल्याच्या माझ्या अहवालावर अकरा सह्या झाल्या, पहिली माझी. आक्का पॅकिंगला गेल्या.

जाण्याआधी माझ्या टेबलाशी येऊन त्यांनी पडद्यावरचे चित्र बराच वेळ पाहिले.

"रंग छान भरलेस गं. पण या दोघांना दाबून ठेवलंय कुणी?"

"कुणी नाही, आक्का. ते आपोआप बसतात असं मानलंय."

"आपोआप होय," त्या म्हणाल्या. "बावीस वर्षं मला कुणी सांगितलंच नाही."

पुढच्या महिन्यात हजारात एकशे चाळीस गळल्या. समिती बसली. मॉडेल निर्दोष असून डब्यांचे वर्तन अपेक्षेबाहेरचे आहे, असे ठरले. मी बोलायला उभी राहिले. पहिली सही कुणाची, असे विचारण्यात आले. मी बसले. (चहाही गार होत होता.)

मग मी आक्कांनाच मॉडेलमध्ये बसवायचे ठरवले. पॅकिंगमध्ये वजनकाटा नेला, त्यांना अंगठा दाबायला लावला. दर डबीला आकडा वेगळा.

"समोरच्यावर असतं ते," आक्का म्हणाल्या.

संगणकाला एकच आकडा लागतो. काटा परत ठेवून आले.

अखेर समितीने तोडगा काढला. प्रत्येक डबीत आता एक पत्रक असते: 'वापरापूर्वी झाकण अंगठ्याने घट्ट दाबावे.' ते पत्रक आक्काच घालतात. चिकटायची वेळ निघून गेल्यावर दाबून काडीचा उपयोग नाही, हे मला ठाऊक आहे, आक्कांना ठाऊक आहे आणि आता तुम्हालाही. तरी तक्रारी नव्वद टक्क्यांनी घटल्या. डबी गळली की लोक आम्हाला लिहीत नाहीत. आपणच नीट दाबली नाही, म्हणून हळहळतात. तुमच्या घरी ती असेल, तर तुम्हीही दाबलीच असेल. नऊ सेकंद तरी दाबली होती ना?