रिजेक्ट मालाचं माहेरपण

माल नाकारणं ही उद्योगजगतातली सगळ्यात नाजूक क्रिया आहे. माल बनवायला यंत्र पुरतं, विकायला ओळख पुरते. पण दुसऱ्याने बनवलेला माल ‘बरोबर नाही’ म्हणून त्याच्याच दारात परत ठेवायला जो धीर लागतो, तो अजून कुठल्याही यंत्रात बसवता आलेला नाही. त्यातून माल बनवणारा आपला व्याही असेल, तर ही क्रिया नाजूक राहत नाही, स्फोटक होते; आणि तिला फटाक्यांच्या गोदामाचे नियम लागू करावेत असं जाणकारांचं मत आहे. (जाणकार म्हणजे ज्यांनी मुलीचं लग्न धंद्याच्या ओळखीत केलंय ते.)

वर्षालीचं लग्न असंच धंद्याच्या ओळखीत झालं. सासरे मारुतराव, राहणार पुनावळे, यांची चाकणला ‘शालन ऑटो कॉम्पोनंट्स’. वडील साहेबराव, राहणार चिखली, यांची घरामागेच ‘मंजुळा इंजिनिअरिंग’. (या पट्ट्यात वर्कशॉपला एक तर देवाचं नाव देतात, नाहीतर बायकोचं. ज्याची धास्ती जास्त, त्याचं.) चिखलीत लोखंडी ब्रॅकेट बनायचे, ते चाकणला जायचे, तिथे त्यांना आणखी चार वस्तू जोडून ते एका मोठ्या मोटार कंपनीला जायचे. मुलगी आणि ब्रॅकेट दोन्ही एकाच दिशेने सुरळीत गेले. घोडं अडलं ते परतीच्या प्रवासात.

लग्नानंतर पहिल्याच महिन्यात मारुतरावांनी फोन केला. “पाव्हणं, ह्या लॉटमधलं बरंच पीस वाकडं हायेत. परत धाडतोय.”

साहेबरावांनी फोन या कानाचा त्या कानाला लावला. मग म्हणाले, “आमच्या घरनं तुमच्याकडं गेलेली वस्तू तुमी परत धाडणार. धाडा की. आज ब्रॅकेट, उद्या आणिक काय?”

त्या रात्री दोन्ही घरांत भाकऱ्या उरल्या.

वर्षाली इंजिनिअर होती आणि शालन ऑटोत क्वालिटी सांभाळायची, त्यामुळे तोडगाही तिनेच काढला. वाकडे पीस कापडी पिशवीत भरले, वर एक साडी ठेवली, आणि “आईकडे जाऊन येते” म्हणून ती निघाली. चिखलीला पिशवी स्वयंपाकघराच्या दारामागे राहिली. तिच्याकडे कोणी पाहिलं नाही. दोन दिवसांनी त्याच पिशवीत सरळ पीस होते आणि वर शेंगदाण्याची चटणी. एक शब्द न बोलता तक्रार दाखल झाली, मान्य झाली आणि निकाली निघाली. मोठमोठ्या कंपन्यांना हे अजून जमलेलं नाही. (चटणी तर मुळीच नाही.)

पुढची तीन वर्षं ही व्यवस्था तेल दिल्यासारखी चालली. तिच्या अभ्यासातून काही निष्कर्ष निघाले. श्रावणात ब्रॅकेट जास्त वाकडे निघतात. आमरसाच्या दिवसांत त्यांची भोकं सरकतात. भाऊबीजेच्या आठवड्यात एक पीस धड येत नाही. मंजुळाबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं त्या महिन्यात तर निम्मा माल टाकाऊ ठरला. एका तज्ज्ञाने याचं कारण ‘दमट हवा’ असं दिलं, आणि तज्ज्ञाचं मन मोडू नये म्हणून वर्षालीने ते लिहून घेतलं.

याचा अर्थ ती लबाडी करायची असा कोणी काढू नये. चांगला पीस तिने कधी नाकारला नाही. पण पुरेशा ओढीने पाहिलं तर कुठल्याही ब्रॅकेटवर ओरखडा दिसतो, हे शास्त्रीय सत्य आहे.

आणि पुनावळ्याच्या घरात माहेरी जायला बंदी होती, असंही कोणी समजू नये. घर सुधारलेलं होतं. फक्त सासूबाई, म्हणजे शालनबाई, एवढंच विचारायच्या, “काय काढलंस गं? काही काम?” आईला बघायचंय, हे काम नव्हे. पोटभर झोपायचंय, हेही नव्हे. पण कंपनीचं काम म्हटलं की शालनबाई स्वतः पिशवीला हात लावून बघायच्या आणि म्हणायच्या, “एवढंच? आणिक जरा बघ, निघतील अजून.”

अशा रीतीने सगळं छान चाललेलं असताना मोठ्या कंपनीचं परिपत्रक आलं. यापुढे कंपनीचे पुरवठादार आणि त्या पुरवठादारांचे पुरवठादार यांनी आपसातला सगळा व्यवहार संगणकाने संगणकाशी करावा. ऑर्डर, पोच, नकार, सगळं. मात्र तत्पूर्वी आज व्यवहार कसा चालतो याचा आराखडा काढून घ्यावा, आणि मंजूर आराखड्याबाहेर कोणी काही केल्यास ऑडिटमध्ये धरलं जाईल.

आराखडा काढायला वाकडच्या एका संगणक कंपनीतून मिहिर आला. हा मुलगा प्रामाणिक होता. लोक सांगतील ते चौकोनात लिहायचं, निर्णय असेल तिथे शंकरपाळी काढायची आणि बाण जोडायचे, एवढंच त्याचं काम, आणि ते तो मन लावून करायचा.

“काका, खराब माल परत कोण नेतं?” त्याने मारुतरावांना विचारलं.

“सूनबाई.”

“कशातून?”

“पिशवीतून.”

“तसं नाही, वाहन कुठलं?”

“आमच्या सार्थकची गाडी. बायकूला सोडतो, जेवतो आन् माघारी येतो.”

“बरं. आणि ही प्रक्रिया सुरू केव्हा होते? म्हणजे नेमकं काय झालं की माल परत जातो?”

मारुतरावांनी सुनेकडे पाहिलं. सुनेने पीस मोजायच्या व्हर्निअरकडे पाहिलं.

“ते,” मारुतराव म्हणाले, “आमी इचारत न्हाई.”

मिहिरने पहिल्या चौकोनात लिहिलं : सुरुवात – विचारत नाहीत.

चार दिवसांनी तो नवा, सुधारित आराखडा घेऊन आला. “मॅडम, तुमच्या जुन्या पद्धतीत दोष एकच होता,” तो म्हणाला. “मध्ये माणूस होता.”

“कोण माणूस?”

“तुम्ही.”

वर्षालीने कागदावरून बोट फिरवलं. पीस मोजा. खराब? बटण दाबा. चिखलीच्या संगणकाला निरोप. तिकडून मान्यता. टेम्पो येतो, माल नेतो. समाप्त.

“यात मुक्काम कुठे आहे?” तिने विचारलं.

“मुक्काम?”

“दोन दिवस जातात ना.”

“तेच तर वाचवले मॅडम!” मिहिर वर दिल्यासारखा हसला. “चार सेकंदांत काम. तुम्हाला आता कध्धी कुठे जायला नको.”

वर्षालीने कागदावर आईचं स्वयंपाकघर शोधलं. पण स्वयंपाकघराला आराखड्यात चिन्ह नव्हतं.

नवी व्यवस्था सुरू झाली आणि चमत्कार झाला. चिखलीचा माल एकाएकी निर्दोष यायला लागला. महिनाभर एकही पीस नाकारला गेला नाही. नाकारून जायचं कुठे? मोठ्या कंपनीने मिहिरचं अभिनंदन केलं. घरी वर्षाली एकदा नुसतीच म्हणाली, “आत्या, आईकडे जाऊन येऊ का?” शालनबाईंनी विचारलं, “काही काम?” वर्षालीने मेथी निवडायला घेतली.

मग एक लॉट आला तो खरोखरच वाकडा. ओढीने बघायची गरज नव्हती, चष्मा काढूनही दिसत होतं. वर्षालीने लॉट दोनदा मोजला. बापाचा माल होता, पण मोटारीत माणसं बसतात. तिने बटण दाबलं.

साहेबराव त्या वेळी चिखलीत एका साखरपुड्याला पहिल्या रांगेत बसले होते. फोन वाजला. “शालन ऑटो यांजकडून : आपला माल नाकारण्यात येत आहे. कारण : वाकडा. मान्य / अमान्य.” शेजारच्या तिघांनी वाकून वाचलं आणि सभ्यपणे दुसरीकडे पाहिलं.

साहेबरावांनी ‘मान्य’ दाबलं. मुलीच्या बापाने आयुष्यात दुसरं बटण दाबलेलं नसतं. मात्र दुसऱ्या दिवशी त्यांनी चाकणला एक टेम्पो नव्हे, तीन पाठवले; आणि वाकडा माल, सरळ माल, जुना शिल्लक माल, सगळा झाडून उचलून नेला. ड्रायव्हरकडे निरोप होता : “आमचा माल पाव्हण्यांच्या लायकीचा न्हाई.”

शालन ऑटोचं रॅक रिकामं झालं. मोठ्या कंपनीची लाइन दुसऱ्या दिवशी थांबणार होती. संगणकावर मात्र सगळीकडे हिरवे दिवे होते. नकार गेला, मान्य झाला, माल उचलला. संगणकाच्या मते असा आदर्श व्यवहार या पट्ट्यात प्रथमच झाला होता.

मारुतरावांनी चिखलीला फोन लावला. मंजुळाबाईंनी उचलला.

“ते देवाला गेल्यात,” त्या म्हणाल्या.

“कुठल्या?”

“ते अजून ठरायचंय.”

मारुतरावांनी फोन ठेवला आणि सुनेकडे वळले. “वर्षाली, पिशवी भर बाई.”

आयुष्यात अशी वेळ एकदाच येते. वर्षालीने शांतपणे व्हर्निअर पुसून पेटीत ठेवलं. “तसं करता येणार नाही मामा. ऑडिटमध्ये धरतील. आराखड्यात माणूस नाही.”

“मग घाला की माणूस!” मारुतराव हिरवे दिवे मोजत बसलेल्या मिहिरवर ओरडले. “तुमच्या त्या चौकटीत रुसवा कुठं दावलाय? लेकाच्यांनो, माल दावता, टेम्पो दावता, आन् रुसवा न्हाई?”

मिहिरने वाकडच्या ऑफिसात आपल्या वरिष्ठ प्राजक्ताला फोन केला. “मॅम, रुसव्याला कुठलं चिन्ह वापरायचं?”

“अपवाद म्हणून दाखव.”

“पण तो दर वेळी होणार आहे.”

प्राजक्ताने विचार केला. तिचंही लग्न झालेलं होतं. “मग तो अपवाद नाही मिहिर. तो मुख्य मार्ग. बाकीचं अपवादात टाक.”

अशा प्रकारे आराखड्यात दुरुस्ती झाली. मंजूर मसुद्यातला महत्त्वाचा भाग असा : ‘नकाराचा निरोप पाठवण्यापूर्वी पाठवणाऱ्याची सून ही घेणाऱ्याच्या स्वयंपाकघरात हजर असावी. निरोप जेवणानंतर द्यावा. सविस्तर खुलासा निवासी स्वरूपाचा असून त्याची मुदत घेणारा ठरवील.’ निरोप अजूनही चार सेकंदांतच पोचतो. फक्त तो सुटायला मुक्काम लागतो.

त्याच संध्याकाळी वर्षाली चिखलीला पोचली. साहेबराव देवाहून परत आलेले होते. (देव घरामागच्या वर्कशॉपमध्येच असावा.) पिठलं झालं, भाकरी झाली, ताक झालं. मग तिने ओट्याला टेकून त्याच लॉटसाठी फोनवरून पुन्हा बटण दाबलं आणि समोर बसलेल्या बापाचा खिसा वाजला. साहेबरावांनी वाचलं, चष्मा कपाळावर सरकवला.

“बघू, कुठं वाकडंय.”

तिने परत आलेल्या मालातला एक पीस दिला. त्यांनी तो उजेडात धरला, अंगठा फिरवला. “हां. डाय सरकलीय.” (डाय म्हणजे पीस दाबायचा साचा.)

“उद्या होईल का दादा?”

“उद्या?” साहेबरावांनी मंजुळाबाईंकडे पाहिलं. मंजुळाबाई ताकाचं भांडं उगाच दुसऱ्यांदा विसळत होत्या. “छ्या. आत्ता असलेला सरळ माल सकाळी टेम्पोनं धाडतो. पण डाय बसवायची म्हंजी तीन-चार दिस तरी पायजेल. तवर थांब. तुझ्या सहीबिगर कसं व्हायचं?”

डाय बसवायला अर्धा तास लागतो. वर्षालीला ते ठाऊक होतं. तिचं शिक्षणच त्यातलं होतं. श्रावणातला माल इतकी वर्षं नेमाने वाकडा का येत होता, हे मात्र तिला त्या घडीला कळलं. दोन्ही टोकांना क्वालिटीचं काम इतक्या निष्ठेने चाललेलं असेल, अशी तिला कल्पना नव्हती.

पुढच्या आठवड्यात मिहिर सही घ्यायला पुनावळ्याला आला, तेव्हा शालनबाईंनी त्याला चहा दिला, पोहे दिले, आणि दार लोटून घेतलं. “काय रे बाळा,” त्या म्हणाल्या, “माझा भाऊ कोंडीराम. शेलपिंपळगावला लाकडी पेट्या करतो. त्याचं काय काढतोस का तुझ्या त्या चौकोनात?”

तेव्हापासून शालन ऑटोत पेट्याही तपासल्या जातात. बऱ्याच पेट्या वासाला बरोबर निघत नाहीत. त्याचा खुलासा शालनबाई समक्ष करतात आणि येताना हुरडा आणतात.

मोठ्या कंपनीच्या ऑडिटरने हे सगळं पाहिलं आणि थक्क होऊन वर कळवलं. हल्लीच दुसरं परिपत्रक निघालंय : ज्या पुरवठादारांचा आपसात लग्नसंबंध नाही, त्यांनी तो तीन महिन्यांत प्रस्थापित करावा, न जमल्यास किमान मानलेली बहीण नेमून तसं कळवावं. भोसरीपासून महाळुंग्यापर्यंत मंगल कार्यालयांच्या तारखा मिळेनाशा झाल्यात. स्थळाच्या माहितीपत्रकात उंची, वर्ण आणि गोत्राखाली ‘कोणती सिस्टीम’ अशी नवी ओळ आलीय.

आता हे वाचून चाकणच्या मागासलेल्या लोकांना हसणं सोपं आहे. तुमच्याकडे अशी वेळ यायची नाही. तुमच्यात आणि तुमच्या आईमध्ये अद्ययावत व्यवस्था केव्हाच बसलीय. ती सकाळी गुलाबाचं चित्र पाठवते, तुम्ही अंगठा पाठवता. ती विचारते, “जेवलास का?” तुम्ही पुन्हा अंगठा पाठवता. तक्रार शून्य, नकार शून्य, खुलाशाची गरज शून्य. आणि तिच्या स्वयंपाकघरात शेवटचे कधी बसला होतात, ते आठवायला फोनमधले फोटो चाळावे लागतात. मिहिरने तुमचं काम मोठ्या कौतुकाने पाहिलंय. त्यात सुधारणा करण्यासारखं त्याला काही म्हणजे काही सापडलं नाही.