थरथरीची वीज

जगात पूर्णपणे स्थिर असं काहीच नसतं. आमच्या कार्यालयात तर भिंतीतला खिळासुद्धा स्थिर नसतो. इतरांनी वर्षानुवर्षं याची तक्रार केली. मोठ्या साहेबांना त्यात संपत्ती दिसली, म्हणून तर ते मोठे साहेब आहेत.

योजना सोपी आहे. एका डबीत तांब्याच्या तारेचं वेटोळं आणि त्यात स्प्रिंगवर टांगलेलं लोहचुंबक. डबी थरथरली की चुंबक हलतं आणि वीज तयार होते. अशा डब्या पाण्याच्या पंपाला, झेरॉक्स मशीनला आणि (लेखी संमती घेऊन) पाय हलवत बसणाऱ्या हिशेबनिसांच्या खुर्चीला बसवल्या. या विजेवर डबीवरचाच हिरवा दिवा लागतो, त्यामुळे वीज तयार होते आहे हे कळतं. (बाकी काही लागत नाही.)

सगळ्यात जास्त उत्पादन आवक-जावक सांभाळणाऱ्या बाईंच्या डोक्यावरच्या पंख्याचं. त्याचा बोल्ट ढिला आहे. वायरमन पाना घेऊन वर चढला, तेव्हा ऊर्जास्रोतात ढवळाढवळ केल्याबद्दल त्याला समज देऊन शिडी जमा करून घेण्यात आली.

बाई साहेबांकडे गेल्या. "साहेब, पंखा पडेल हो माझ्या डोक्यावर. लहान मुलगी आहे घरी."

"बाई, पडला तर उत्पादन ठप्प होईल. आम्हाला काय काळजी नाही का?" साहेब अगदी मनापासून म्हणाले.

टेबल हलवता येत नाही, कारण पंख्याच्या उत्पादनाची नोंद तिथूनच घेतली जाते. बाईंना हेल्मेट मिळालं. तरी त्यांचे हात कापू लागले. तंत्रसमितीने वेळ न दवडता मनगटावर डबी बांधली, तर तिचा दिवा पंख्याच्या दिव्यापेक्षा लख्ख पेटला. तिमाही अहवालात बाईंची भीती साठ टक्के, पंखा तीस, हिशेबनीस दहा. (झेरॉक्स आणि पंप बंद आहेत.) एक ढिला बोल्ट दोन स्रोत चालवतो म्हटल्यावर तो आवळणं कार्यालयाला परवडणारं नाही, असा समितीचा एकमुखी निष्कर्ष आहे.

मला बाईंचं फार वाईट वाटतं. त्यांच्याकडे बघवत नाही, म्हणून मी माझं टेबल खिडकीकडे तोंड करून घेतलं आहे.

एव्हाना तुम्हीही मान वर करून आपल्या डोक्यावरचा पंखा घट्ट आहे ना ते पाहिलंत, आणि पुढे वाचू लागलात. आमच्या कार्यालयातही सगळ्यांनी तेवढंच केलं.