शेवाळे सरांचा इंटरनेटवरचा वर्ग

शेवाळे सर इंटरनेटवर हजेरी घ्यायचे. खोटं वाटेल, पण माझ्या डोळ्यांदेखत घ्यायचे.

नव्व्याण्णव साल असेल. इस्लामपुरात एसटी स्टँडमागं माझं दोन कॉम्प्युटरचं सायबर कॅफे होतं. सर शेजारच्या आमच्या खेड्यातलेच, नागरिकशास्त्राचे निवृत्त शिक्षक. जन्मभर शिकवलं ते पोरांनी परीक्षेपुरतं पाठ केलं आणि सुट्टीत विसरून टाकलं. त्याचा सूड म्हणून त्यांनी माझ्याकडून फुकटातली एक वेबसाइट काढून घेतली, 'राजकारण शिका'. ग्रामसभा कशाला म्हणतात, अविश्वास ठराव कसा आणतात, सगळं इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत. सर सांगायचे, मी टाइप करायचो. पान किती वेळा उघडलं त्याचा आकडा खाली यायचा, तो सर वहीत उतरवून घ्यायचे. "आज पंधरा पोरं आली गड्या!" त्यातली बारा पोरं म्हणजे सर स्वतःच. दर दोन मिनिटांनी पान उघडून बघायचे ना! पण हे त्यांना सांगायचा मला कधी धीर झाला नाही.

प्रत्येक धड्याखाली शंका लिहायला जागा होती. ती कायम रिकामी. "आख्ख्या नोकरीत एका पोरानं शंका इचारली न्हाई रं," सर म्हणायचे. "एक जरी आली, तरी शिकवल्याचं सार्थक झालं बघ."

आता गंमत अशी, की गावची सरपंच सरांचीच बायको. जागा महिलांना राखीव झाली म्हणून मालनकाकी निवडून आल्या. पण मासिक सभेला खुर्चीत सर बसायचे. काकी मागच्या बाकावर, सहीपुरत्या पुढं. "तिला काय कळतंय त्यातलं?" सर म्हणायचे.

एका बाजाराच्या दिवशी काकी एकट्याच दुकानात आल्या. भाजीची पिशवी खाली ठेवून म्हणाल्या, "ह्यांच्या धड्याला शंका लिवायची हाय. नाव घालू नगंस."

त्यांनी सांगितलं, मी टाइप केलं.

दुसऱ्या दिवशी सर आले आणि शंका बघून खुर्चीतून उठलेच. "आली रं आली!" मोठ्यांदा वाचायला लागले: "सरपंच बाई असेल आणि सभा तिचा नवराच घेत असेल, तर चालतं का?"

सरांचा आवाज बसत गेला. चष्मा काढून पुसला, परत घातला. मला वाटलं, आता काय आपली खैर नाही.

"टाइप कर," ते म्हणाले. "चालत नाही. सभा सरपंचानंच घ्यायची. नवऱ्यानं बाहेर थांबायचं."

जाताना विचारलं, "कुणी लिवलं रं?"

"नाव नाही सर."

"बरं," म्हणाले आणि गेले.

पुढच्या सभेदिवशी मी दाखल्यासाठी ग्रामपंचायतीत गेलो, तर सर बाहेर पायरीवर बसलेले. आत पाण्याच्या टाकीवरून काकी मेंबरांना झाडत होत्या.

"आवं सर, आत चला की."

त्यांनी हातानंच मला गप्प केलं. काकींचं बोलणं संपेपर्यंत कान देऊन ऐकत राहिले. डोळे भरून आले होते.

"लय चांगली बोलती रं," ते म्हणाले. "लगीन झाल्यापासनं घरात मीच बोलतोय. तुझं काय म्हणणं हाय, असं हिला कवा इचारलंच न्हाई मी."