शालिकभाऊंचा कोरडा उन्हाळा

भर लग्नात नवरदेवाला "जरा बाजूले होता का?" म्हणणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. मोहगावचं लग्न होतं. आहेर द्यायला लोक रांगेत उभे होते. शालिकभाऊ स्टेजवर चढले, नवरा-नवरीकडं ढुंकून न पाहता मागच्या फुलाफुलांच्या पडद्यापाशी गेले, चष्मा कपाळावर चढवला, कापडाला नाक लावलं आणि तिथूनच ओरडले, "हे पाहा! इथं गुलाब अर्धाच हाय! जोड दिसून राहिला!"

नवरदेव बिचारा स्वतःचा फेटा चाचपू लागला.

शालिकभाऊ सौंसरला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत लग्नपत्रिका आणि बॅनर करून देतात. घराची पुढची खोली म्हणजे दुकान. वय पंचावन्नच्या पुढं, लग्न केलेलं नाही, खिशात कायम एक भिंग. बसच्या सीटचं कव्हर, हॉटेलातल्या टेबलावरचं प्लास्टिक, कुणाच्या घरची चादर... जिथं एकच नक्षी पुन्हा पुन्हा येते तिथं ते थांबलेच म्हणून समजा. साड्यांकडं पाहणं मात्र त्यांनी सोडलं. पांढुर्ण्याच्या बसमध्ये त्यांनी एका बाईचा पदर इतका निरखून पाहिला की कंडक्टरनं त्यांना मधेच उतरवून दिलं. "मी बाई पाहूनच नाही राहिलो होतो, ताई," ते अजूनही मला कळवळून सांगतात, "मी कोयरी पाहून राहिलो होतो!"

मी लोधीखेड्याची. आम्ही बारा जणी मिळून शिवणगट चालवतो. आजवर पिशव्या शिवल्या, उशांचे अभ्रे शिवले. यंदा हिवाळा सरता सरता नागपूरच्या एका व्यापाऱ्यानं पडद्यांचं काम देऊ केलं. अट एकच, कापडावरचं डिझाइन उन्हाळ्याचं पाहिजे आणि कुणी कुठं पाहिलेलं नको. होळीच्या आत नमुना दाखवायचा. पसंत पडला तर दर हंगामाचं काम आमचं, नाही तर आहेतच पिशव्या.

मी तडक शालिकभाऊंकडं गेले. इंटरनेटवर तयार डिझाइनं मिळतात म्हणे, त्यातलंच एक घ्या, असं मीच सुचवलं. त्यांनी कॉम्प्युटरवर उघडून दाखवली. निळा समुद्र, नारळाची झाडं, रंगीत छत्र्या, एका पायावर उभा गुलाबी पक्षी.

"सौंसरले समुद्र कोण्या रस्त्यानं लागते, ताई?" शालिकभाऊंनी विचारलं. "आपला उन्हाळा कोरडा हाय. आपण आपलाच करू."

मग आम्ही बाराही जणी त्यांच्या दुकानात जमलो आणि असा काही गलका झाला! कुणी म्हणे कैरी घ्या, कुणी म्हणे माठ, मोगऱ्याचा गजरा, टरबुजाची फोड. एकीनं कूलर सांगितला. दुसरी म्हणाली, "कुरडी पाहिजेच, कुरडीशिवाय कायचा उन्हाळा?" शालिकभाऊ इतके खूश झाले की दुसऱ्या दिवशी त्यांनी खरीखुरी कुरडी स्कॅनरच्या काचेवर ठेवून तिचा फोटो काढला. ती झकास आली. त्या भरात त्यांनी टरबुजाची फोडही ठेवली. स्कॅनरला पुढं आठ दिवस मुंग्या होत्या.

काम कसं चालतं ते त्यांनी मला शेजारी बसवून शिकवलं. कॉम्प्युटरवरचं चित्र बारीक ठिपक्यांचं बनतं; त्याचा एक चौकोन करायचा, त्याला ते 'टाइल' म्हणतात. कॉम्प्युटर तोच चौकोन फरशीसारखा बसवत बसवत अख्खं कापड भरून टाकतो. खुबी ही की चौकोनाची उजवी कड डावीला आणि वरची कड खालच्या कडेला बेमालूम मिळाली पाहिजे. "आता गंमत पाहा," असं म्हणून त्यांनी अख्खं चित्र अर्ध्यानं सरकवलं. कडा मधोमध आल्या आणि कापलेली कैरी, मोडका माठ, सगळं उघडं पडलं. मग ते एकेक वस्तू जुळवू लागले. मोगऱ्याच्या एका कळीसाठी दीड तास! मी घड्याळ पाहिलं तर म्हणाले, "पाहणाऱ्याची नजर अडखळली नाही पाहिजे, ताई. अडखळली का खेळ खतम."

नमुन्याचं अर्धा मीटर कापड नागपूरहून छापून बसनं आलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. शालिकभाऊंनी भिंग काढलं आणि त्यांचा चेहराच उतरला. वीतभर अंतरावर एक पांढरी रेघ होती, केसाएवढी. पुढं पुन्हा एक. त्याच्या पुढं पुन्हा एक.

"कोणाले दिसते एवढी?" मी म्हटलं.

"मले दिसते."

दोन दिवस ते कॉम्प्युटरसमोरून हलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी फोनवर किंचाळले, "सापडली! ताई, सापडली! टाइलची रुंदी बाराशे ठिपक्यांच्या वर अर्धा ठिपका झाली होती! ठिपका कधी अर्धा असते का? तेवढी जागा कोरीच राहून गेली! अर्ध्या ठिपक्यानं माह्यं नाक कापलं!"

ते दुरुस्त करून स्वतःच नागपूरला गेले, छपाईच्या मशीनपाशी उभे राहिले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पाच मीटर कापड छातीशी धरून सौंसरला उतरले. घरी येईपर्यंतही त्यांना दम निघेना. बसस्टँडवरच त्यांनी ते उघडलं. एक टोक मी धरलं, दुसरं रसवंतीवाल्यानं. बसची वाट पाहणारे लोक जमले. भिंग या हातातून त्या हातात फिरलं. रेघ कुणाला सापडेना. एक म्हातारबुवा शेवटी वैतागून म्हणाले, "अरे, कापड सुरू कुठं होते तेच समजून नाही राहिलं!" शालिकभाऊंनी त्यांना मिठीच मारली.

व्यापाऱ्याला नमुना पसंत पडला. पावसाळ्याचंही काम आमचंच, असं तो त्याच बैठकीत बोलला. मी पेढे घेऊन धावतच सौंसरला गेले.

दुकानात कुणी नव्हतं. आतल्या खोलीचं दार उघडं होतं. तिथं मी कधी गेले नव्हते. डोकावून पाहिलं तर शालिकभाऊ खुर्चीवर चढून भिंतीवरचा एक कागद काढत होते आणि त्याच्या जागी दुसरा लावत होते. अख्खी भिंत कागदांनी भरलेली होती. कैऱ्या, माठ, कुरड्या, आमचाच उन्हाळा, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. खाटेवर त्यांची आई पाठमोरी झोपली होती. संत्र्याच्या बगिच्यात पडून तिच्या कमरेचं हाड मोडलं आणि ती तेव्हापासून खाटेवरून उठली नाही, एवढं मला ऐकून माहीत होतं.

माझी नजर आता त्यांनीच तयार केलेली. नव्या कागदावरची टरबुजाची फोड शेजारच्या कागदाशी मिळत नव्हती. "शालिकभाऊ, इथं चुकलं!" मी म्हणाले.

ते घाईनं खाली उतरले आणि मला दुकानात घेऊन आले. "हळू, ताई. मुद्दाम चुकवलं ते."

"मुद्दाम? तुम्ही?"

"आईनं जिंदगीभर संत्री निवडली. ढिगातलं एक डागी फळ तिले लांबूनच दिसे. पडली तवापासून छताकडं पाहत राहे. बोलणंच सोडलं तिनं. एक दिवस मी सहज टाइलचे कागद लावले भिंतीले, तं म्हणते, 'बाबू, चुकलं तुयं तिथं.' सहा महिन्यांनी बोलली, ताई." त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. "तवापासून रोज एक चूक ठेवतो. सोपी ठेवली तं रुसते. अन् बाकी सगळं बिनचूक असल्याबिगर एक चूक लपत नाही ना."

एवढ्यात आतून हाक आली. खणखणीत.

"बाबू! ये रे इकडं! सापडली!"

"कुठं व, आई?" म्हणत ते आत पळाले. मी दाराशी थांबले. पाच मिनिटांपूर्वी स्वतःच्या हातानं तो कागद लावणारा माणूस भिंतीच्या भलत्याच टोकाला बोट फिरवू लागला.

"तिकडं नाही रे! डोळे हायेत का बटनं?" म्हातारी खाटेवरच कोपरावर रेलून अर्धी उठली होती, बोळक्या तोंडानं हसत होती. "इकडं ये, उजवीकडं!"

"इथं?"

"अरे, उजवीकडं म्हणून राहिली ना मी!"

त्यांचं बोट आणखी डावीकडं गेलं.