बगळ्यांचा तिसरा सामना

स्नेहाला स्वतःच्या नावाने दार ठोठावण्याचा संकोच वाटतो. म्हणून तो एखादे निमित्त पुढे करतो आणि आपण त्याच्या मागे उभा राहतो. यात दोष नाही. दोष उत्पन्न होतो तो पुढे, जेव्हा मनुष्य त्या निमित्ताचीच मनोभावे सेवा करू लागतो आणि मागे कोण उभे आहे हे विचारायचे विसरतो. नॉटिंगहॅममधील यादवराव आणि चंदाबाई या वृद्ध दांपत्याकडून हा दोष चार वर्षे घडत राहिला, आणि त्या निमित्ताचे नाव बेसबॉल होते.

त्यांचा नातू विहान त्यांच्याच घरात लहानाचा मोठा झाला. विद्यापीठात असताना तो ‘ट्रेंट हेरन्स’ या मुलामुलींच्या हौशी संघात शिरला आणि पिचर झाला, म्हणजे समोरच्या फलंदाजाला चेंडू टाकणारा. पुढे नोकरीसाठी तो वॉटफर्डला गेला, पण संघ सोडला नाही. एप्रिल ते ऑगस्ट दर शनिवारी संध्याकाळी तो येई, आपल्या जुन्या खोलीत झोपे, रविवारी खेळे आणि मैदानावरूनच परत जाई. उरलेले सात महिने त्याचे दर्शन दिवाळीला, नाहीतर फोनच्या पडद्यावर. त्यामुळे त्या घरात वसंत ऋतू झाडांच्या पालवीवरून नव्हे, तर क्लबच्या वेळापत्रकावरून ओळखला जाई.

हेरन म्हणजे बगळा, म्हणून घरात त्या संघाला ‘आपले बगळे’ म्हणत. यादवरावांचे सारे आयुष्य क्रिकेट पाहण्यात गेलेले. कोपर वाकवून चेंडू फेकणे हा जेथे अपराध मानतात अशा धर्मात ते वाढले होते, आणि येथे तोच अपराध कौतुकाने पाहावा लागे. पहिल्या वर्षी त्यांनी तो सोसला, दुसऱ्या वर्षी नियमावली मागवली आणि तिसऱ्या वर्षी प्रत्येक चेंडूची नोंद करायला वही सुरू केली.

यंदा पहिले दोन्ही सामने बगळे हरले. दुसऱ्या सामन्यानंतर खुर्च्या मिटताना यादवरावांनी कप्तान गॅरेथचे बोलणे स्वतःच्या कानांनी ऐकले. तो विहानला मोठ्या सौजन्याने सांगत होता की वॉटफर्ड दूर आहे, तुला सरावाला येता येत नाही, त्यात तुझा अपराध नाही. पण तिसऱ्या सामन्यातही असेच झाले तर आपण गावातलाच कोणी पिचर पाहू. घरी जाताना बसमध्ये यादवरावांनी हे पत्नीला सांगितले. सामन्यांचे दुःख नव्हते. शनिवार जाणार होते.

शुक्रवारी दुपारी स्वयंपाकघरातील टेबलापाशी तातडीची सभा भरली. तिसरे सभासद नंदूकाका, दोन रस्ते पलीकडे राहणारे निवृत्त बसचालक. बगळ्यांचे नियमित प्रेक्षक एकंदर सात. त्यांपैकी तिघे येथे उपस्थित होते.

“बॅटिंगचं मला टेन्शन नाही,” नंदूकाका म्हणाले. “बॅटिंग नाहीच आहे. नसलेल्या गोष्टीचं टेन्शन कशाला?”

“दोन मॅचमध्ये नऊ हिट,” यादवरावांनी वहीतून वाचले. “त्यातले चार त्या साराचे. बाकीचे नुसता वारा घालतात.”

“आणि पिचिंग?” चंदाबाईंनी विचारले.

या खेळात चार चेंडू ठरलेल्या चौकटीबाहेर गेले की फलंदाज बॅट टाकून आरामात पहिल्या बेसवर, म्हणजे धावेच्या पहिल्या टप्प्यावर, चालत जातो. विहानने दोन सामन्यांत अशा सतरा जणांना चालते केले होते.

“यादवराव, राग मानू नका,” नंदूकाका म्हणाले, “पण आपला पोरगा घरी पाहुणे आल्यासारखं करतो. या, बसा, पाणी घ्या.”

यादवरावांचे निदान असे की दोष बोटांच्या पकडीत आहे; एप्रिलच्या गारठ्यात चेंडू ओल्या साबणासारखा निसटतो. नंदूकाकांच्या मते शनिवारचे जेवण पोराला जड जात होते. चंदाबाईंनी दोन्ही निदाने शांतपणे ऐकली आणि मनाशी तिसरे केले. परीक्षेला जाताना, नोकरीच्या मुलाखतीला जाताना आपण या मुलाच्या हातावर दही घातले. या खेळाला मात्र खेळ समजून चार वर्षे तसेच पाठवले.

रविवारी विहान सकाळीच घाईने निघून गेला, म्हणून दह्याची वाटी मैदानावर न्यावी लागली. दोन पराभव ध्यानात घेऊन चंदाबाईंनी साखर दुप्पट घातली होती, आणि तरीही मन स्वस्थ होईना म्हणून वर दोन चमचे मध. सामना सुरू होण्याच्या बेतात असताना त्यांनी नातवाला कुंपणापाशी बोलावले. चेंडू टाकायचा हात राखून त्याने डावा पुढे केला.

“उजवा,” त्या म्हणाल्या. “शुभ कामाला उजवा.”

विहानने दही चाटून घेतले, तळहात पँटला पुसला आणि तो धावत गेला. पाण्याचा नळ मैदानाच्या दुसऱ्या टोकाला होता.

वाऱ्याने दही वाळले; मध राहिला. त्यानंतर जे घडले ते बगळ्यांच्या इतिहासात पूर्वी घडले नव्हते. चेंडू बोटांतून सुटताना क्षणभर रेंगाळे, त्या रेंगाळण्यात गिरकी घेई, आणि फलंदाजाने बॅट फिरवली की तिच्या खालून निघून जाई. या खेळात तीन बाद झाले की डाव संपतो; पहिल्या डावात तिघे लागोपाठ बाद झाले, दुसऱ्यातही तिघे. यादवरावांचे पेन वहीवर धावू लागले. पकडीविषयीचे आपले निदान खरे ठरले असे ते दोनदा म्हणाले. चंदाबाईंनी वाटीवर झाकण ठेवले.

तिसऱ्या डावात एक चेंडू गवतावरून घरंगळत विहानकडे आला, त्याने तो उचलून हातात फिरवला आणि पुढच्या फलंदाजाला टाकला. तो यष्टिरक्षकाप्रमाणे मागे बसणाऱ्या खेळाडूच्या हातमोज्यात पोहोचला तेव्हा त्याला गवताची दोन पाती घट्ट चिकटलेली होती. प्रतिपक्षाच्या प्रशिक्षकाने ती पाती पंचांना दाखवली. पंच वयस्कर, सावकाश चालणारे गृहस्थ. त्यांनी विहानचा तळहात आपल्या अंगठ्याने दाबला आणि अंगठा सोडवून घेताना त्यांची मुद्रा गंभीर झाली. पिचरच्या हाताला कोणताही चिकट पदार्थ लागलेला चालत नाही. तो लबाडीचा जुना मार्ग समजला जातो.

लबाडी हा आरोप चंदाबाईंना कुंपणाबाहेर बसून ऐकवेना. त्या वाटी घेऊन थेट मैदानात गेल्या आणि पंचांना समजावून सांगू लागल्या की हा आशीर्वाद आहे, आमच्याकडे प्रत्येक घरी देतात, तुम्ही खाऊन पाहा. पंचांनी चमचाभर खाल्ले, फार चविष्ट आहे असे सांगितले, त्यात काय काय घातले आहे हे आस्थेने विचारले, आणि मध हा शब्द ऐकताच विहानला सामन्यातून बाहेर काढले. आरोपीविरुद्धचा पुरावा त्याच्या आजीने न्यायाधीशांना स्वहस्ते भरवला होता.

नियमानुसार बाहेर काढलेल्या खेळाडूला मैदानाच्या दृष्टीआड जावे लागते. विहान दोघांना गाडीतून घरी घेऊन आला. चार वर्षांत पहिल्यांदा तो रविवारी दुपारी टेबलावर गरम भाकरी खात बसला, आणि दोन वृद्ध त्याच्याकडे गुन्हेगारांसारखे पाहत राहिले. नंदूकाका मैदानावर थांबले होते. त्यांचे फोन येत होते. पिचिंगला साराला उभे केले आहे. सारा डावरी आहे. सारा बरी टाकते. मग, जड आवाजात, की बगळे जिंकले.

पाठोपाठ गॅरेथचा संदेश आला. सारा गावातच राहते, यापुढे तीच पिच करील. विहानने आता गाडी चालवण्याचे कष्ट घेऊ नयेत.

चंदाबाईंनी तवा उतरवला. “माझ्यामुळे झालं,” त्या म्हणाल्या. “आता तू कशाला येशील?”

विहानने ताट बाजूला सारले. “आजी, ऑनेस्टली सांगू? माझा शोल्डर लास्ट समरपासून दुखतो. मी तेव्हाच स्टॉप करणार होतो. वॉटफर्डला फिजिओ पण म्हणाला, स्टॉप.”

“मग?”

“मग काय. तुम्ही दोघं एवढ्या थंडीत येऊन बसता. आजोबा सगळं लिहितात. मला वाटलं, मी सोडला तर तुमचा संडे जाणार.”

चंदाबाई खुर्चीत बसल्या. “अरे, मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नाही. मी चार वर्षं तिथे कुडकुडत बसले, ती तू मधेच टोपी काढून कपाळ पुसतोस ना, तेवढं बघायला.” मग त्या पतीकडे वळल्या. “अहो, तुम्ही पण सांगा त्याला.”

“हो, तेच,” यादवराव म्हणाले. त्यांची नजर खिडकीबाहेर होती. “अगदी तेच.”

पुढच्या शनिवारी विहान आला. खेळाची पिशवी नव्हती, घाई नव्हती. रविवारी तो दहापर्यंत झोपला आणि चंदाबाईंनी त्याच्या दाराशी दोनदा जाऊन त्याचा श्वास ऐकला. साडेअकराला त्या स्वयंपाकघरातून बाहेर आल्या, तो यादवराव कोट घालून, घडीची खुर्ची काखेत धरून, दार हळूच उघडत होते.

“अहो, नातू घरात आहे. कुठे निघालात?”

यादवराव पकडले गेले. “डावऱ्या पिचरला उजव्या फलंदाजासमोर फार त्रास होतो,” ते खाली पाहत म्हणाले. “कोवळी पोर आहे. कुणी जाणत्याने बघायला नको का?”

जिन्यावर उभा असलेला विहान आधी हसला. मग आजोबांचा चेहरा पाहून त्याने हसू आवरले. “थांबा, आजोबा. मी गाडी काढतो.”

त्या दिवशी मैदानाच्या कडेला तीन खुर्च्या लागल्या. साराने पाच जणांना चालते केले आणि यादवरावांना त्या प्रत्येकाचे मनापासून वाईट वाटले. पूर्वी साठ पावलांवर दिसणारा विहान आता एका शालीच्या अंतरावर होता, आणि चंदाबाईंना मैदानाकडे पाहण्याचे काहीच कारण उरले नव्हते.

त्या दुखऱ्या खांद्याला आराम पडो. त्या डावऱ्या मुलीचा चेंडू चौकटीत राहो. आणि वॉटफर्डहून उत्तरेकडे येणारा रस्ता शनिवारी संध्याकाळी मोकळा असो.